चाकाची पकड आणि खानदेशची काळी जमीन

चाकाच्या शोधामुळे माणसाने घर्षणावर मात केली, अशा अर्थाचे वाक्य आपल्या पाठ्यपुस्तकांत असते आणि आपणही ते वर्गात सहज बोलून जातो. ते खोटे नाही. पण जळगाव किंवा धुळे जिल्ह्यातल्या ज्या विद्यार्थ्याने आषाढातली गाडवाट पाहिली आहे, त्याला हे वाक्य खटकायला हवे. त्या वाटेवर चाक असते, बैल असतात, आता तर ट्रॅक्टरही असतो. आणि तरीही गाडी जागची हलत नाही. तिथे तक्रार घर्षण फार असल्याची नसते, ते पुरेसे नसल्याची असते.

चाकाकडून आपण एकाच वेळी दोन गोष्टी मागतो. फिरताना त्याला अडथळा कमी व्हावा, ही पहिली. आणि जमिनीला मागे रेटून त्याने गाडीला पुढे ढकलावे, ही दुसरी. पहिलीसाठी घर्षण कमी हवे, दुसरीसाठी भरपूर हवे. जमिनीला धरून पुढे ओढण्याच्या या क्रियेला शास्त्रीय परिभाषेत 'कर्षण' म्हणतात. बोलीत आपण 'पकड' म्हणतो, आणि तो शब्द अधिक चांगला आहे. बैलगाडीच्या चाकाला फक्त पहिली मागणी पुरी करावी लागते. पकड बैलाच्या खुरांनी धरायची असते. आगगाडीच्या इंजिनाचे आणि ट्रॅक्टरचे मागचे चाक यांना मात्र दोन्ही कामे करावी लागतात. हा फरक विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून दिला, की खानदेशातल्या वाहतुकीचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास हा भौतिकशास्त्राचा एक चांगला धडा होतो.

चार महिने बंद असणारा मुलूख

आधी जमिनीविषयी. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थरावर थर पसरले. त्यांचा बेसाल्ट खडक झिजून आणि कुजून आपली काळी माती बनली. तापी, गिरणा, पांझरा, बोरी या नद्यांच्या खोऱ्यांत वाहून आलेल्या गाळाची त्यात भर पडली आणि काही भागांत ही माती कित्येक मीटर खोल झाली. हिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचे चिकणखनिज मोठ्या प्रमाणात असते. त्याची रचना पातळ पापुद्र्यांची असते आणि पापुद्र्यांच्या मधल्या फटींत पाणी शिरते. म्हणून ही माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्याचे कारण हेच.

या मातीचे गुण कापूस पिकवणाऱ्याला प्रिय आणि गाडी हाकणाऱ्याला शत्रू. ती पाणी धरून ठेवते, म्हणून पाऊस ओढ देत असतानाही पऱ्हाटी तग धरते. पण तेच धरून ठेवलेले पाणी मातीच्या कणांमधला धरबंध सैल करते. धुळे जिल्हा काही अतिवृष्टीचा प्रदेश नाही. वर्षभराचा पाऊस कोकणातल्या एका महिन्याच्या पावसाहूनही कमी भरतो. तरीही मृगाच्या दोन सरी पडल्या की गाडवाट बंद होई. पाऊस किती पडला यापेक्षा तो कशावर पडला, याला इथे महत्त्व आहे.

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे हे मुख्य ठाणे केले. त्या काळात माल दूरवर जाई तो मुख्यतः बैलांच्या पाठीवरून. लमाणांचे तांडे धान्य, मीठ आणि कापूस घेऊन शेकडो मैल फिरत. गाडी माहीत असताना पाठीवर ओझे का वाहायचे, असा प्रश्न विद्यार्थी विचारतील. विचारला नाही तर आपण विचारावा. याचे उत्तर बैलाच्या पायात आहे. बैलाचे खूर दुभंगलेले असतात. पाऊल चिखलात पडले की दोन्ही नख्या फाकतात, टेकण्याचे क्षेत्रफळ वाढते आणि पाय कमी रुततो. पाऊल उचलताना नख्या जवळ येतात, बाजूने हवा शिरते आणि चिखलाची ओढ सुटते. पसरट होऊन पकडायचे आणि आवळून सुटायचे, ही किमया लोखंडी पट्टीच्या चाकाला साधत नाही.

पण पाठीवरच्या ओझ्याला मर्यादा होती. शेजारच्या वऱ्हाडातून १८२५-२६ च्या सुमारास मुंबईकडे जो कापूस पहिल्यांदा रवाना झाला, त्याला सुमारे ५०० बैल लागल्याची नोंद आहे. एका बैलाच्या वाट्याला शंभर किलोच्या आसपास ओझे येत होते. वाटेत पाऊस गाठला तर कापूस भिजून जड होई, आणि त्याच वेळी पायांखालची जमीन ओझे पेलेनाशी होई. म्हणजे गरज वाढायची तेव्हाच ताकद घटायची. तांडा आठवडेच्या आठवडे अडकून पडे. एका जिल्ह्यात धान्य मातीमोल आणि दोन मुक्कामांवरच्या दुसऱ्या जिल्ह्यात ते मिळेना, असे प्रकार त्या काळात होत, त्यांच्यामागे ही काळी माती होती. इतिहासाच्या पुस्तकात आपण दुष्काळाची कारणे शिकवतो, त्यांत चिखलाचे नाव सहसा नसते.

मँचेस्टरच्या गिरण्यांना मात्र या चिखलाची चांगली ओळख होती. हिंदुस्थानातल्या कापसाची चौकशी करण्यासाठी ब्रिटिश पार्लमेंटने १८४८ मध्ये जॉन ब्राइट याच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. कापूस बंदरापर्यंत पोहोचवायचा कसा, हा तिच्यापुढचा एक मोठा प्रश्न होता. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा प्रवर्तक जॉन चॅपमन याने १८५१ मध्ये कापूस आणि व्यापार यांवरच पुस्तक लिहिले. आपल्याकडे आगगाडी आली ती प्रवाशांच्या सोयीसाठी, असा एक गोड गैरसमज आहे.

धाव चढवलेले चाक

रेल्वेच्या आधी गाडी सुधारण्याचे प्रयत्न झाले. १८३० च्या दशकात जमीनमोजणीच्या कामावरच्या गोल्डस्मिड याच्या पुढाकाराने आणि लेफ्टनंट गेसफर्ड याच्या देखरेखीखाली सोलापूर भागात टेंभुर्णी येथे हलक्या, दोन बैलांच्या गाड्या तयार होऊ लागल्या. त्याआधीच्या गाड्यांची चाके भरीव, बुटकी आणि अतिशय जड असत. आज आपण जिला 'पारंपरिक' बैलगाडी म्हणतो, त्या उंच आऱ्यांच्या चाकाच्या गाडीचा दख्खनमधला प्रसार अशा प्रयत्नांनी आणि नव्या रस्त्यांनी वाढला.

चाक उंच असण्याला कारण आहे. मऊ जमिनीत चाक रुतले की त्याला आपण केलेल्या खड्ड्याच्या काठावर सतत चढत राहावे लागते. मोठ्या चाकाला हा चढ सौम्य पडतो. फ्रान्समध्ये मोरँ आणि द्युप्युई या दोन अभियंत्यांचा साधारण त्याच काळात यावर कडाक्याचा वाद झाला. चाकाचा व्यास दुप्पट केला तर अडथळा निम्मा होतो, असे मोरँचे म्हणणे. तेवढा कमी होत नाही, वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होतो, असे द्युप्युईचे. कमी होतो, यावर मात्र दोघांचे एकमत होते. आपल्या सुताराला हे वर्गमूळ ठाऊक नव्हते, पण चाक केवढे करायचे ते ठाऊक होते.

मधला तुंबा, त्यातून निघणारे आरे, त्यांना जोडणारे पुठ्ठे आणि सर्वांना आवळून धरणारी लोखंडी धाव, असे हे चाक असते. धाव चढवणे हा उष्णतेने होणाऱ्या प्रसरणाचा सर्वांत सुंदर प्रयोग. चाकाचा व्यास १.४ मीटर धरला तर घेर सुमारे ४.४ मीटर होतो. लोखंडाची लांबी तापमानाच्या दर अंशाला १० लाखात १२ भागांनी वाढते. धाव शेणींच्या जाळात ५०० अंशांनी तापवली तर घेर सुमारे २६ मिलिमीटरने वाढतो. तेवढ्या ढिलाईत ती लाकडावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचे. आक्रसणारी धाव सगळे सांधे करकचून आवळते. ज्या गावात अजून सुतार-लोहारांचे हे काम चालते, तिथल्या शाळेने सातवीचा वर्ग त्या दिवशी तिकडेच भरवावा.

पण धाव ही अरुंद असते आणि तिथेच चिखलात घात होतो. गाडी आणि भार मिळून १००० किलो धरा. दोन्ही चाकांची मिळून जमिनीला टेकणारी जागा १०० चौरस सेंटिमीटर असेल, तर दर चौरस सेंटिमीटरवर १० किलो दाब येतो. ओली काळी माती तो पेलत नाही. चाक खाली खाली जात राहते, जोवर त्याच्या टेकण्याची जागा पुरेशी वाढत नाही तोवर. कठीण रस्त्यावर ही गाडी ओढायला ३० किलोच्या आसपास जोर पुरतो. चिखलात तोच १५० ते २०० किलोंवर जातो. बैल दिवसभर काम करताना आपल्या वजनाच्या साधारण एक दशांश जोर लावू शकतो. ४०० किलोंच्या दोन बैलांची जोडी म्हणजे ८० किलो. झटक्यासरशी ते याच्या कितीतरी पट जोर लावतात, पण झटके दिवसभर देता येत नाहीत. हिशेब इथेच संपतो. तापी काठच्या थिलारी बैलांची चपळाई कितीही नावाजलेली असली, तरी त्यांनाही हा भागाकार चुकला नाही.

यावर जो टिकाऊ उपाय झाला तो चाकात झाला नाही, जमिनीत झाला. मुंबई-आग्रा रस्ता मालेगाव, धुळे, शिरपूर असा तापी ओलांडून सातपुड्याकडे जातो. त्यावर मुरूम आणि खडी पडली, बाजूने चर खणले गेले, तसा तो बारमाही होत गेला. रस्ता बांधणे म्हणजे चाकाने सोडवायचे कोडे जमिनीकडून सोडवून घेणे. जिथे रस्ता नव्हता तिथे शेतकरी तात्पुरता रस्ता करीत. चिखलात किंवा नदीच्या वाळूत पऱ्हाट्या, तुराट्या अंथरून भार पसरवायचा आणि गाडी काढायची.

रूळ, वाळू आणि घाट

आगगाडीने एका फटक्यात पहिली मागणी पुरी केली. पोलादी रुळावर पोलादी चाक फिरताना अडथळा इतका कमी होतो, की सपाटीवर एक टन वजन ओढायला चार-पाच किलो जोर पुरतो. पण मग दुसऱ्या मागणीचे काय? गुळगुळीत रुळावर गुळगुळीत चाक जागच्या जागी फिरत राहील, अशी भीती सुरुवातीला इंग्लंडमध्ये होती. म्हणून ब्लेंकिन्सॉप याने १८११ मध्ये दात्यांच्या रुळाचे पेटंट घेतले. पुढे विल्यम हेडली याने माणसांकडून गाडा चालवून प्रयोग केले आणि पुरेसे वजन असले तर गुळगुळीत चाकही पकड धरते, असे दाखवले. इथे नियम सोपा आहे: पकड ही चाकावरच्या वजनाच्या प्रमाणात. कोरड्या रुळावर वजनाचा पाव हिस्सा, ओल्या रुळावर त्याहून बराच कमी.

हा नियम सह्याद्रीत कसाला लागला. जेम्स बर्कली या मुख्य अभियंत्याच्या योजनेनुसार थळ घाट आणि भोर घाट या दोन्ही चढणी ३७ला १ या उताराच्या झाल्या. भोर घाट १८६३ मध्ये आणि थळ घाट १८६५ च्या आरंभी खुला झाला. घाटमाथ्यापलीकडचे काही टप्पे त्याआधीच सुरू झाले होते; चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ ही नावे याच दशकात रेल्वेच्या नकाशावर आली. धुळ्याला मात्र चाळीसगावहून फाटा मिळायला १९०० साल उजाडले.

फळ्यावर एक गणित मांडू. इंजिनाच्या चालत्या चाकांवर ६० टन वजन आहे आणि पकड त्याच्या एक पंचमांश, म्हणजे १२ टन. सपाटीवर दर टनाला ४ किलो लागतात, म्हणून हे इंजिन पकडीच्या दृष्टीने ३००० टन हलवू शकते. घाटात मात्र दर टनाला उताराचे २७ किलो जास्त लागतात. एकूण ३१. आता तेच इंजिन स्वतःच्या वजनासकट जेमतेम ३८७ टनच ओढील. पाऊस पडून पकड निम्मी झाली की तेही निम्मे. खानदेशचा कापूस मुंबईकडे जाताना घाट उतरत असे, चढत नसे. पण उतारावर थांबवतानाही चाकाला पकडच लागते, हे विसरता कामा नये.

उपाय काय केले पाहा. चाके एकमेकांना दांड्यांनी जोडली, म्हणजे जास्तीत जास्त वजन चालत्या चाकांवर यावे. घाटातल्या सुरुवातीच्या इंजिनांची पाण्याची टाकी बॉयलरवर खोगिरासारखी बसवली, म्हणजे पाण्याचेही वजन कामी यावे. यात एक मेख होती. पाणी जसजसे संपे तसतशी पकडही घटे. आणि चाकाच्या पुढ्यात बारीक वाळू सोडण्याची सोय केली. ही वाळूची पेटी विजेच्या इंजिनांवरही टिकली आहे. १९२८ नंतर घाटात आलेल्या विजेच्या मालगाडी इंजिनांना कर्मचाऱ्यांनी 'खेकडा' असे नाव दिले होते. त्यांची सहाही आसांवरची चाके चालती होती.

आता गंमत अशी, की रुळावरची मूठभर वाळू इंजिनाला तारते आणि गिरणेच्या पात्रातली ढीगभर वाळू बैलगाडीला बुडवते. वाळू तीच. रुळावर ती दोन कठीण पृष्ठांच्या मध्ये चिरडून दातासारखी बसते. पात्रात ती स्वतःच पायाखालून सरकते.

वजन वाढवावे की नको?

ट्रॅक्टर शेतात आला आणि ढकलणारे चाक पहिल्यांदा मऊ जमिनीवर उतरले. सुरुवातीच्या ट्रॅक्टरना लोखंडी चाके आणि त्यांवर पुढे आलेली पाती असत. १९३२ मध्ये अमेरिकेत अॅलिस-चामर्स कंपनीने हवेच्या टायरचा ट्रॅक्टर विक्रीला काढला. हवेच्या टायरची कल्पना रॉबर्ट थॉमसन याने १८४५ मध्येच मांडली होती आणि डनलॉपने १८८८ मध्ये ती सायकलसाठी व्यवहारात आणली. याच थॉमसनने भरीव रबरी चाकांचे रस्त्यावरचे वाफेचे इंजिन केले. क्रॉम्प्टन या तरुण अधिकाऱ्याने १८७० च्या दशकाच्या आरंभी तशी इंजिने पंजाबात ग्रँड ट्रंक रस्त्यावर चालवून पाहिली. हिंदुस्थानच्या रस्त्यावर रबरी चाक आले ते असे, मोटारीच्या कितीतरी आधी.

मऊ जमिनीवरच्या पकडीचा नियम रुळापेक्षा वेगळा आहे, कारण इथे चाक घसरत नाही, माती कापली जाते. माती कापायला किती जोर लागतो, याचा नियम फ्रान्सच्या कुलोम याने १७७६ मध्ये छापला होता. तोच तो विद्युतभाराच्या नियमाचा कुलोम. रणगाडे चिखलात का फसतात याचा विचार करताना मिकलथ्वेट या इंग्रज अभ्यासकाने १९४४ मध्ये तो नियम वाहनांना लावला. साध्या शब्दांत तो असा:

पकड = (टेकण्याचे क्षेत्रफळ × मातीचा चिकटपणा) + (वजन × मातीच्या कणांचे आपसांतले घर्षण)

कोरड्या वाळूत चिकटपणा जवळजवळ शून्य, म्हणून सगळा खेळ दुसऱ्या पदाचा. पाण्याने माखलेल्या काळ्या मातीत कणांचे आपसांतले घर्षण जवळजवळ शून्य, म्हणून सगळा खेळ पहिल्या पदाचा. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर १२०० किलो भार आहे आणि दोन्ही टायर मिळून २००० चौरस सेंटिमीटर जागेवर टेकले आहेत, असे समजू. वाळूचे घर्षण ०.५८ धरले तर पकड सुमारे ७०० किलो. चिखलाचा चिकटपणा दर चौरस सेंटिमीटरला ०.१ किलो धरला तर पकड फक्त २०० किलो. आता वर ३०० किलोंची पोती टाका. वाळूत पकड १७४ किलोंनी वाढली. चिखलात? काहीच नाही. उलट चाक अधिक रुतले आणि पुढे सरकण्याचा अडथळा वाढला.

ट्रॉली फसली की 'चार जण मागच्या चाकावर उभे राहा' असा सल्ला हमखास मिळतो. तो पांझरेच्या वाळूत बरोबर आहे आणि तापीकाठच्या केळीच्या बागेत चूक आहे. बागेत हवे ते क्षेत्रफळ. टायरमधली हवा थोडी कमी केली तर टायर पसरतो. लोखंडी पिंजऱ्याची जादा चाके लावली तर जास्त माती कवेत येते. आणि चाक जोरात फिरवणे टाळावे, कारण कालवलेली माती न कालवलेल्या मातीहून दुबळी असते. एकच चाक गरगरत असेल तर त्या चाकाचा ब्रेक हलकेच दाबावा. ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांना वेगळे ब्रेक असतात, ते वळण्याखेरीज याही कामाला येतात. वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी डिफरेन्शियलची योजना चिखलात उलटते आणि सगळी गती मोकळ्या चाकाला देते. ब्रेकने ती दुसऱ्याकडे वळते.

टायरच्या नक्षीचेही असेच. बर्फाळ देशांत हिवाळी टायरच्या खाचा मुद्दाम बर्फाने भरू देतात, कारण दाबला गेलेला भुसभुशीत बर्फ बर्फालाच चांगला धरतो. १९५६ मध्ये कॅलिफोर्नियात जन्मलेली गो-कार्ट ही चिमुकली गाडी तिकडचे हौशी लोक हिवाळ्यात बर्फावरही नेतात. तिचे शर्यतीचे गुळगुळीत टायर तिथे निकामी ठरतात. नक्षीचे टायर किंवा साखळ्या लावाव्या लागतात. टायरला साखळी बांधण्याचे पेटंट हॅरी वीड या अमेरिकनाने १९०४ मध्ये घेतले. या गाडीला डिफरेन्शियल नसते, मागची दोन्ही चाके एकाच आसावर जखडलेली असतात. वळताना त्याचा त्रास होतो, पण बर्फावर एकटेच चाक गरगरत नाही. काळ्या मातीत नक्षी भरली की मात्र संपले. माती मातीला धरत नाही, टायर सपाट लाटण्यासारखा होतो. म्हणून ट्रॅक्टरच्या टायरवरच्या पट्ट्या तिरप्या आणि लांब लांब असतात. फिरताना चिखल बाजूने निसटून जावा म्हणून.

कुलोमच्या त्या नियमाच्या पायावर पोलिश अभियंता बेकर याने मऊ जमिनीवरच्या वाहनांचे शास्त्र रचले. १९५६ मध्ये त्याचा ग्रंथ आला आणि १९७१ मध्ये अपोलो १५ बरोबर चंद्रावर गेलेल्या गाडीच्या चाकांत त्याचा हात होता. चंद्रावर वजन एक षष्ठांश, म्हणजे वजनाचे पदही तेवढेच. हवेचे टायर नेणे शक्य नव्हते. म्हणून चाके तारांच्या जाळीची केली आणि त्यांवर टायटॅनियमच्या तिरप्या पट्ट्या लावल्या.

वाफसा

या सगळ्यात आपल्या शेतकऱ्याने कोणता शब्द दिला? 'वाफसा'. पाऊस पडून गेल्यावर जमीन न फार ओली, न फार कोरडी अशी होते, ती अवस्था. वाफसा आल्याशिवाय तिफण धरायची नाही, गाडी शेतात घालायची नाही. वाफसा आला की नाही हे पाहायला शेतकरी मुठीत माती दाबतो. गोळा होऊन हाताला चिकटली तर थांबायचे. दाबल्यावर गोळा झाला आणि बोटाने टोचताच फुटला तर औत जुंपायचे.

१९११ मध्ये अॅल्बर्ट अॅटरबर्ग या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने मातीच्या अवस्थांच्या सीमा ठरवल्या. त्यांतली एक ठरवण्यासाठी ओल्या मातीची तळहाताने वळी करतात. सुमारे ३ मिलिमीटर जाडीला ती तुटू लागली, म्हणजे माती आकार धरण्याच्या अवस्थेतून बाहेर पडत आहे. जगभरच्या रस्तेबांधणीच्या प्रयोगशाळांत ही चाचणी होते. मूठ आणि वळी यांत फरक मोजमापाचा आहे, निरीक्षणाचा नाही. शेतकऱ्याचा वाफसा या सीमेच्या थोडा खालच्या ओलाव्याला येतो, जिथे माती भार पेलते आणि तरी फोडता येते. त्याआधी जड ट्रॅक्टर शेतात घातला तर फसण्याचा धोका असतोच. शिवाय न फसता निघाला तरी चाकाखालचा थर दाबला जातो, त्यातून पाणी आणि मुळे खाली उतरत नाहीत, आणि हे नुकसान त्या दिवशी डोळ्यांना दिसत नाही. दोन-तीन दिवस थांबणे परवडत नाही, कारण ट्रॅक्टर भाड्याचा असतो आणि रांगेत पुढचा शेतकरी उभा असतो.

हे शाळेत करून पाहता येते. दोन पसरट लाकडी खोकी घ्या. एकात नदीची कोरडी वाळू, दुसऱ्यात काळी माती भरून ती भिजवून मळलेल्या कणकेपेक्षा थोडी सैल करा. लाकडाच्या एका ठोकळ्याला खालून खिळ्यांची टोके अर्धा सेंटिमीटर बाहेर येतील असे खिळे ठोका आणि पुढे हूक लावा. ठोकळा मातीवर ठेवून तो ताणकाट्याने ओढा, आणि सरकू लागताना काटा किती दाखवतो ते लिहून ठेवा. मग ठोकळ्यावर २०० ग्रॅमची वजने एकेक वाढवत जा. नंतर दुप्पट लांबीचा ठोकळा घेऊन, त्याच दाटीने खिळे ठोकून आणि ठोकळ्यासकट एकूण वजन पूर्वीइतकेच ठेवून पुन्हा ओढा. आलेखात वाळूची रेषा वजनाबरोबर चढत जाईल आणि चिखलाची जवळजवळ आडवी राहील; लांब ठोकळ्याने मात्र चिखलाची रेषा वर उचलली जाईल. तिसऱ्या खोक्यात दोन्ही निम्मे-निम्मे मिसळून हीच वाचने घ्या. त्या रेषेचा चढ कुठे बसेल, याचा अंदाज वर्गाकडून आधी लिहून घ्यावा. चिखलाचे खोके मग दोन दिवस उन्हात ठेवून रोज सकाळी एकदा मोजत जा, आणि शेतकरी पालकांपैकी कुणाला तरी बोलावून विचारा, यातला वाफसा कोणत्या दिवशी आला.